जिल्हा वार्षिक योजनेचा खर्च १०० टक्के, मग गरिबी का हलत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आमच्या जिल्ह्याला दरवर्षी जिल्हा वार्षिक योजनेतून शेकडो कोटी रुपये मिळतात. ३१ मार्चला ९९-१०० टक्के निधी खर्च झाल्याची बातमी येते. तरी आमच्या तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवरचं स्थलांतर आणि कुपोषण आहे तिथेच आहे. पैसा खर्च होतो, मग गरिबी का कमी होत नाही? आणि साधा ग्रामपंचायत सदस्य म्हणून मला हे तपासता येईल का?'

तपासता येतं. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चार तक्ते, गावाचा नकाशा आणि सलग दोन-तीन महिने एवढं पुरतं. पण आधी 'खर्च' हा शब्द नीट बघावा लागेल, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

ही योजना ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीच्या तक्त्यात खर्च म्हणजे बीम्स या सरकारी निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित होऊन कोषागारातून निघालेला पैसा. जिल्हा परिषदेचा निधी तिच्या खात्यात जमा झाला की समितीच्या लेखी तो खर्ची पडला. जिल्हा परिषदेला मात्र तो वापरायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत मुदत असते. म्हणजे मार्च २०२४ मध्ये '१०० टक्के' झालेल्या रकमेचा मोठा भाग मार्च २०२५ पर्यंत कामावर लागत असू शकतो. यात बेकायदा काही नाही. फक्त त्या टक्क्यावरून गावात काय घडलं ते कळत नाही. म्हणून बैठकीत किंवा अर्जात नेहमी तीन आकडे वेगवेगळे मागा: वितरित निधी, यंत्रणेच्या पातळीवर देयकं अदा होऊन झालेला खर्च आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेली कामं. या तीन आकड्यांतली दरी किती, यावरून जिल्ह्याचा कारभार बराच कळतो.

चौथा आकडा दायित्वाचा. मागच्या वर्षांत मंजूर झालेल्या, अर्धवट राहिलेल्या कामांची देणी म्हणजे दायित्व. उदाहरणादाखल समजा, एका योजनेला यंदा १० कोटी मिळाले आणि जुनं दायित्व ६ कोटी आहे. उरले ४ कोटी. त्याच्या दीडपट नियोजन करायची मुभा, म्हणून ६ कोटींच्या नव्या कामांना प्रशासकीय मान्यता निघते. आता हातात १० कोटी आणि देणी १२ कोटींची. पुढचं वर्ष सुरू होण्याआधीच त्याच्या डोक्यावर २ कोटी बसले, आणि कामं रेंगाळली तर आणखी. चार-पाच वर्षं असं चाललं की नव्या गरजेसाठी पैसाच उरत नाही. एखाद्या पाड्याची खरी निकड समोर आली तरी 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर ठरलेलं. अधिकाऱ्याची इच्छा नसते असं नाही, निधी आधीच बांधलेला असतो.

मग वेळापत्रक. जिल्ह्याच्या निधीची कमाल मर्यादा कळवणं, यंत्रणांचे प्रस्ताव, छाननी, समितीची बैठक, राज्यस्तरीय बैठक, मार्चमधला अर्थसंकल्प, अशा पायऱ्यांनंतर एप्रिलपासून निधी टप्प्याटप्प्याने येतो. त्यापुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. मध्ये पावसाळा, मध्येच कधी आचारसंहिता. कामाला हात लागतो नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पैसा संपवायचा असतो मार्चअखेर. जे काम चार महिन्यांत मोजमाप पुस्तिकेत नोंदवून बिल काढण्याजोगं असेल, तेच पुढे सरकतं. सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभागृह, संरक्षक भिंत. जे काम बारा महिने रोज थोडं थोडं करावं लागतं, त्याला या वेळापत्रकात जागाच नाही. शिवाय कायम दायित्व उभं राहील म्हणून इंधन, मानधन, देखभाल असल्या आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा करावा लागणाऱ्या खर्चाला सगळेच बिचकतात. आणि गरिबाच्या घरात फरक पडतो तो बहुतेक वेळा याच आवर्ती खर्चाने. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच आहे.

हे नुसतं मत नाही, हिशेब करून बघा. सरकारी पैसा गरीब घरापर्यंत तीन वाटांनी जातो. काम चालू असताना मजुरी म्हणून, काम झाल्यावर त्या मालमत्तेतून वाढणाऱ्या उत्पन्नातून, किंवा थेट सेवा म्हणून: आहार, शाळा, दवाखाना, पाणी. पहिली वाट घेऊ. १० लाखांचं काम आहे आणि मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे असं धरा. मजुरी-साहित्याचं प्रमाण ६०:४० असेल तर ६ लाख मजुरीत जातात, म्हणजे २,००० मनुष्यदिवस. तेच १० लाख काँक्रीटच्या रस्त्यात घातले आणि मजुरीचा वाटा १५ टक्के पडला, तर ५०० मनुष्यदिवस. मिक्सर आणि जेसीबी ठेकेदाराचे, कुशल माणसं बाहेरची, त्यामुळे त्यातलेही गावाच्या वाट्याला किती येतात ते जागेवर मोजावं लागतं. महाराष्ट्राला ही गोष्ट शिकवायची गरज नव्हती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय करही लावला गेला. मजुरीचा हक्क आणि त्यासाठी वेगळा पैसा, दोन्ही इथेच जन्मले.

दुसरी वाट, मालमत्तेतून वाढणारं उत्पन्न, पुढे विहिरींच्या उदाहरणात येईल. आता तिसरी वाट. निती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक जिल्हापातळीवर उपलब्ध आहे. त्यात १२ निकष आहेत आणि आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांना प्रत्येकी एक तृतीयांश भार. राहणीमानात सात गोष्टी येतात: इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, घरातली साधनं, बँक खातं. प्रत्येकीचा भार एक एकविसांश. पोषणाचा भार एकट्याचा एक षष्ठांश, शालेय वर्षांचाही एक षष्ठांश. एकूण वंचितता एक तृतीयांश किंवा जास्त झाली की ते कुटुंब गरीब धरलं जातं. याचा अर्थ नीट बघा. घरात एक जण कुपोषित आहे आणि दहा वर्षांवरच्या एकाही माणसाने सहा वर्षं शाळा पूर्ण केलेली नाही, तर एक षष्ठांश अधिक एक षष्ठांश, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. पक्कं घर, शौचालय, गॅस, वीज, सगळं दिलं तरी ते कुटुंब गरीबच मोजलं जाणार. उलट राहणीमानाच्या सातही गोष्टी नसल्या तर कुठे तेवढा भार होतो.

या व्याख्येत गरीब ठरणाऱ्यांचं महाराष्ट्रातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे १४.८ टक्के होतं, ते २०१९-२१ च्या पाहणीत ७.८ च्या आसपास आलं. चांगली घट आहे. पण २०१५-१६ मध्ये नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक लोक या व्याख्येत गरीब होते. अशा जिल्ह्यात घरकुल, शौचालय, गॅसजोडणी ही एकदाच द्यायची कामं झाली की पुढची घट अडते. मागे पोषण आणि शिक्षण उरतं आणि त्यात बांधकाम कमी, रोजचं चालवणं जास्त.

रोजचं चालवणं म्हणजे काय, ते मानव विकास कार्यक्रमात दिसतं. २००६ मध्ये २५ तालुक्यांत सुरू झालेला हा कार्यक्रम २०११ पासून २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत गेला. त्यातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे मुलींसाठीची निळी एसटी बस. गावात शाळा सातवीपर्यंत, आठवी दुसऱ्या गावात. मुलगी एवढं अंतर एकटी जाणार नाही म्हणून शाळा सुटते, आणि पुढे लवकर लग्न, लवकर बाळंतपण, कमी वजनाचं मूल अशी साखळी सुरू होते. बस ती साखळी पहिल्याच कडीला तोडते. पण बस विकत घेणं हा सोपा भाग. ती सकाळी शाळेच्या वेळेत पाड्याच्या फाट्यावर येते का, शाळा सुटल्यावर परत नेते का, बिघडली तर पर्यायी गाडी मिळते का, यावर सगळं अवलंबून. पहिल्या तासानंतर पोहोचणारी बस चार दिवस सहन होते, पाचव्या दिवसापासून मुली घरी. तपासायचं असेल तर आगाराकडून फेऱ्यांचा तक्ता घ्या आणि शाळेच्या हजेरीपटाशी ताडून बघा. खर्चाच्या विवरणात हे कधीच दिसणार नाही.

दुसरं उदाहरण वेळेचं. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जोडपी ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. त्यांची मंजुरी दिवाळीनंतर रेंगाळून निघाली तर मुलं आधीच बैलगाडीत बसून कारखान्यावर पोहोचलेली असतात. तरतूद पूर्ण असली आणि पुढे खर्चही झाला, तरी ज्या मुलासाठी होती ते मूल गेलं. इथे रक्कम वाढवून काहीच साधत नाही, मंजुरी ऑगस्टमध्ये निघायला हवी. मजूर नेणाऱ्या मुकादमांकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कधी घेतली जाते ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ती तारीख धरून मागे मोजत यायचं: सर्वेक्षण जुलैत, मंजुरी ऑगस्टमध्ये, शिधा आणि स्वयंपाकाची सोय दसऱ्याआधी.

तिसरं उदाहरण मधली कडी सुटण्याचं. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहीर, पंप, वीजजोडणी, ठिबक असे घटक आहेत. विहीर खणून पाणी लागलं, पण वीजजोडणी दोन वर्षं आली नाही, तर उत्पन्नात एका रुपयाची वाढ नाही. उलट लाभार्थ्याने वरचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज डोक्यावर. तक्त्यात मात्र 'विहीर पूर्ण'. घरकुलाचंही तेच. मंजुरी आहे, पण भूमिहीन कुटुंबाकडे जागाच नाही, म्हणून हप्ता पडून. जागा खरेदीला वेगळी योजना आहे, पण दोन्ही फायली दोन टेबलांवर. अशा ठिकाणी 'किती विहिरी' असं विचारू नका. विचारा: किती विहिरींवर पंप चालू आहे, आणि त्यातल्या किती शेतकऱ्यांनी यंदा दुसरं पीक घेतलं?

पाणीयोजनांचं दुखणं याहून साधं आहे आणि तरी सगळीकडे तेच. समजा २५० घरांचं गाव आहे, पंपाचं वीजबिल आणि पंपचालकाचं मानधन मिळून महिन्याला ४०,००० रुपये. म्हणजे घरटी १६० रुपये. वसुली ४० टक्के झाली तर १६,००० जमतात, २४,००० ची तूट. वर्षभरात थकबाकी २ लाख ८८ हजार. वीज तुटते, योजना बंद, बाया पुन्हा हंडा घेऊन विहिरीवर. मग काही वर्षांनी त्याच गावात नव्या योजनेचा प्रस्ताव येतो, कारण नव्या बांधकामाला पैसा मिळतो, जुन्या बिलाला मिळत नाही. प्रस्ताव मंजूर करण्याआधी जुन्या योजनेचं वीजबिल आणि पाणीपट्टीचं रजिस्टर मागवणं, एवढी एक अट जिल्ह्याने पाळली तरी बराच पैसा वाचेल.

जिल्ह्याचा विकास आणि गरिबीतली घट यांचं नातंही सरळ नाही. जुना ठाणे जिल्हा घ्या. उद्योग, महानगरपालिका, भरघोस दरडोई उत्पन्न, आणि त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके. १९९२ मध्ये तिथल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं तेव्हा ते पाडे एका श्रीमंत जिल्ह्याचा भाग होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी हे तालुके घेऊन पालघर वेगळा झाला तेव्हा कुठे जिल्ह्याच्या सरासरीची ही चादर निघाली. सरासरी तालुक्याला झाकते, तालुका गावाला आणि गाव पाड्याला. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हावार अनुशेष, म्हणजे मागे राहिलेली तूट, काढला, त्याने प्रादेशिक अन्यायाला पहिल्यांदा ठोस आकडा मिळाला. ते काम मोठंच. पण अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, शाळा यांसारख्या सुविधांचा. त्या सुविधा कोणाच्या दारापर्यंत पोहोचल्या हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि तो गावातच सोडवावा लागतो.

आता तपासायचं कसं. पहिल्यांदा जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडून मागच्या तीन वर्षांची तुमच्या तालुक्यातली कामांची यादी घ्या: गाव, वाडी, योजना, मंजूर रक्कम, कार्यादेशाची तारीख, अदा रक्कम. सहज मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. यादीत तिन्ही भाग येतील हे बघा: सर्वसाधारण, अनुसूचित जाती घटक कार्यक्रम आणि आदिवासी घटक कार्यक्रम. तिन्हींचे हिशेब वेगळे ठेवतात, त्यामुळे एकच भाग मागितला तर चित्र अर्धवट राहतं. ग्रामविकास विभागाची २५-१५ या लेखाशीर्षाखालची (गावातल्या मूलभूत सुविधांची) कामं, ग्रामपंचायतीला थेट येणारा वित्त आयोगाचा निधी आणि अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या गावांना मिळणारा ५ टक्के अबंध निधी या यादीत नसतात. ते स्वतंत्र मागवा. रस्त्यांची कामं ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली शोधा.

मग ती रक्कम वाडीनिहाय लावा आणि लोकसंख्येने भागा. पहिला धक्का इथेच बसतो: मुख्य गावठाणाचा माणशी खर्च आणि लांबच्या पाड्याचा माणशी खर्च यांत कित्येक पट फरक निघू शकतो. 'अमुक वस्तीत' असं नाव असलेलं काम प्रत्यक्ष कुठे झालं ते जागेवर जाऊन बघा. वस्तीच्या नावाचा रस्ता वस्तीच्या अलीकडेच संपल्याचं आढळतं. नंतर शेजारच्या रकान्यांत गरिबीच्या चार खुणा भरा. अंगणवाडीतल्या सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) बालकांची संख्या, आठवीपासून पुढे शाळेत असलेल्या मुलींची संख्या, हंगामात कुलूप लागणारी घरं, आणि घरकुलाच्या प्रतीक्षा यादीतली घरं. हे चारही आकडे गावातच मिळतात. जिल्ह्याच्या आकड्यांसाठी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे सरकारी प्रकाशन जवळ ठेवा.

निष्कर्ष काढताना घाई नको. जास्त खर्च झालेल्या गावात गरिबीही जास्त दिसली, म्हणून खर्चाने गरिबी वाढली असं होत नाही. गरीब गावाला जास्त निधी देणंच अपेक्षित आहे. म्हणून पातळी नको, बदल बघा: तीन वर्षांपूर्वी किती, आज किती. आणि शेजारच्या तशाच गावाशी तुलना करा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय योजनेला जातं. सिंचनाचा परिणाम दिसायला दोन-तीन हंगाम लागतात, शिक्षणाचा आणखी जास्त, आहाराचा मात्र काही महिन्यांत वजनकाट्यावर दिसतो. माणशी आकडे २०११ च्या जनगणनेवर काढलेत की ताज्या कुटुंबयादीवर, तेही लिहून ठेवा. बाहेर गेलेली माणसं अंगणवाडीच्या वजनातही नसतात, त्यामुळे जानेवारीत कुपोषण 'घटलेलं' दिसतं आणि मे महिन्यात 'वाढतं'. दरवर्षी एकाच महिन्यातले आकडे ताडा.

हे सगळं घेऊन कुठे जायचं? जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य १९९८ च्या अधिनियमानुसार जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, त्या काळात हा आवाजच बंद होता. तुमचा जिल्हा परिषद सदस्य हा तुमचा पहिला दरवाजा, आणि ग्रामसभेचा ठराव ही चावी. ठरावात 'विकास करावा' असं लिहू नका. 'अमुक पाड्यावरच्या १४ मुलींसाठी सकाळी साडेनऊला पोहोचणारी फेरी', 'अमुक सात विहिरींना वीजजोडणी, अर्ज क्रमांकांसह' असं लिहा. यंत्रणेला अंदाजपत्रक करता येईल इतकं नेमकं.

आणि ठराव पाठवायची वेळ सांभाळा. समितीची बैठक जानेवारीत असली तरी यंत्रणांचे प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला आणि सप्टेंबरमध्ये पंचायत समितीत पोच घेऊन दिला, तर तो त्या वर्षीच्या प्रारूप आराखड्यात बसू शकतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेतला ठराव थेट पुढच्या वर्षावर जातो.